मजेत आहे, इथेच मुक्काम

माझ्या नवऱ्याला काळजी करायचा रोग आहे. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, संसाराच्या धबडग्यात जाईल. कसला जातोय! निवृत्त झाल्यावर भरपूर वेळ मिळाला आणि रोग आणखीच बळावला. डेल्मर जन्मभर रस्त्यावरचा बर्फ काढायची सरकारी गाडी चालवत होता. घसरून खड्ड्यात गेलेल्या गाड्या आणि त्यांतली माणसं त्याने इतकी बाहेर काढलीत, की त्याच्या मते जगातलं प्रत्येक माणूस एक तर खड्ड्यात आहे, नाही तर खड्ड्याच्या वाटेवर आहे.

मी शाळेची बस चालवायची. गावातल्या दोन पिढ्यांना मी "खाली बस!" म्हणून ओरडलेय. बस सोडली त्या वर्षी जाड टायरची सायकल घेतली आणि तिच्यावर बिऱ्हाड बांधून एकटी वाळवंटात जायला लागले. तंबू हँडलला, झोपायची पिशवी सीटमागे, खाणं मधल्या तिकोनी पिशवीत. का म्हणून मला विचारू नका. जिने जन्मभर पाठीमागून पोरांचा कालवा ऐकलाय, तिला शांतता कशाला हवी, हे काय सांगायचं?

हँडलवर एक डबी असते, काडेपेटीपेक्षा जरा मोठी. ती उपग्रहाला माझा ठावठिकाणा कळवते आणि डेल्मरच्या फोनवर नकाशात एक निळा ठिपका सरकतो. तो ठिपका म्हणजे मी. डबीला झाकणाखाली एक लाल बटण आहे, ते दाबलं की सुटकेची माणसं निघतात. बाकी दोन निरोप तयार भरून ठेवलेत, एका बोटाने पाठवायचे. एक, 'मजेत आहे, इथेच मुक्काम.' आणि दुसरा, 'निघाले.'

मागे एकदा मी ओढ्याकाठी भर दुपारी डुलकी काढली. ठिपका हलेना. डेल्मरने शेजारच्या ऑर्विनला फोन केला. हा ऑर्विन म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या सुटका पथकाचा म्होरक्या, त्याला निमित्तच हवं असतं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा मी चड्डी धुऊन झुडपावर वाळत घातली होती आणि स्वतः टॉवेल गुंडाळून बसले होते. ऑर्विनने वरून हात हलवला. पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत विचारलं, "काय लॅव्हॉन, वाळली का चड्डी?"

घरी आल्यावर मी डेल्मरला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं आणि कानाला खडा लावायला लावला.

"मी 'मुक्काम' कळवला की 'निघाले' म्हणेपर्यंत तू गप्प बसायचं. एक दिवस असो, चार असोत. ऑर्विनला फोन नाही, कुणालाच नाही."

"आणि मी निरोप पाठवले तर?"

"खुशाल पाठव. मी उत्तर देणार नाही. बॅटरी जाते."

"बरं," तो म्हणाला. बिचारा 'बरं' म्हणताना असा दिसतो, की एखाद्याला वाटावं मी त्याला मारते.

यंदाच्या वसंतात मी निघाले त्याच्या आदल्या संध्याकाळी सामान काट्यावर घालून बघत होते. ही आम्हा सायकलवर बिऱ्हाड बांधणाऱ्यांची खोड आहे. टूथब्रशचा दांडा कापतील, टी-शर्टाचं लेबल काढतील, आणि त्याच कमरेवर पोट बाळगून चढ चढतील. मी रबरी चपला काढून ठेवल्या. बूट आहेत की पायात!

"चपला ने गं," डेल्मर म्हणाला. "त्या बुटांनी दगडावर चालता येत नाही."

"चपलांचं ओझं तू ओढणार आहेस का?"

"ओढेन की. गाडीतून."

आमच्या बुटांच्या तळाला क्लीट नावाची पोलादाची एक छोटी पट्टी असते, ती पेडलात खट्कन अडकते. सायकलवर याच्यासारखं सुख नाही. दगडावर मात्र ते बूट घालून चालणं म्हणजे बर्फावरची गाय. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण नवऱ्याने सांगितलेलं लगेच ऐकलं तर तो शेफारतो.

डांबरी रस्ता जिथे संपतो तिथे गुरांसाठीचं लोखंडी फाटक आहे. डेल्मरने मला तिथवर गाडीने सोडलं. सायकल उतरवताना त्याचा चेहरा पाहून मला कळलं, की हा आता काही तरी बोलणार. मीच आधी बोलले.

"या फाटकाच्या आत तुझं चाक आलं ना डेल्मर, तर मी घरी यायची नाही. सांगून ठेवते."

त्याने फाटक उघडलं, मी गेले, त्याने लावलं. आमच्याकडे फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं असतं.

दोन मुक्काम झाले. वाट मोठा वळसा घेते आणि तिसऱ्या दिवशी फाटकाच्या मागच्या अंगाला, गाडीने तासाभरावर, बाप्तिस्म्याच्या टाक्याशी येते. हे नाव गुराख्यांचं. लाल खडकात पाण्यानेच कोरलेला खळगा आहे, तोंड लहान आणि पोट मोठं, रांजणासारखा. त्या सगळ्या मुलखात भरवशाचं पाणी तेवढंच. तिथे एक दिवस लोळायचं, सायकलला तेल घालायचं, मग पुढच्या कोरड्या पट्ट्यात शिरायचं असं मी ठरवलं होतं आणि घरी सांगितलंही होतं.

उन्हं कलताना पोचले. काठाजवळच्या जुनिपरच्या झाडाला सायकल टेकवली. आणि आमच्यातलं कुणीही करतं तेच केलं. पाण्याचं बघायच्या आधी डबीचं बटण दाबलं, 'मजेत आहे, इथेच मुक्काम.' आधी घरच्यांना गप्प करायचं, मग आपलं काम. पाण्याची रिकामी पिशवी आणि सामान बांधायचा पट्टा घेतला आणि काठावर गेले.

पाणी खाली गेलं होतं. दर वेळी पट्ट्याला बांधून सोडलेली पिशवी पोचते, यंदा पोचेना. काठाला एका बाजूला थोडा उतार आहे, त्यावर एक पाऊल खाली टेकलं. बूट काढायचे कष्ट कोण घेणार? क्लीट खडकावर करकरली, आणि पुढचं सगळं इतकं झटपट झालं, की मला ओरडायलासुद्धा सुचलं नाही. पुढच्याच क्षणी मी छातीभर पाण्यात उभी होते आणि तोंडात पाणी गेलं होतं.

मी आधी हसले. खरंच हसले. म्हटलं, झाला बाप्तिस्मा!

मग वर पाहिलं आणि हसू गेलं. आकाश ताटाएवढं राहिलं होतं. ज्या उतारावरून घसरले तो खालून बघताना उतार नव्हता, भिंत होती, आणि काठाशी तिला थोडं पोट सुटलेलं. मी उडी मारली. हात उंच करून उडी मारली तरी काठ माझ्या बोटांपासून माझ्याच उंचीइतका लांब होता. पाठ एका भिंतीला आणि पाय दुसरीला लावून सरकावं, तर टाकं फार रुंद. ओल्या खडकावर शेवाळ. दर वेळी वीतभर चढायची आणि सर्रकन परत पाण्यात. मी पुन्हापुन्हा चढत राहिले, कारण थांबलं की विचार करावा लागणार होता.

एका कोपऱ्यात वाळू साठून जरा उथळ झालं होतं, तिथे पाणी गुडघ्यापर्यंतच. तिथे उभी राहिले तर पायाखाली काही तरी कटकन वाजलं. हात घालून काढलं. लांबट जबडा होता, दात शाबूत. कोल्हा असेल. तोही पाण्यालाच आला असणार.

तेवढ्यात वरून आवाज आला, 'टिंग.'

माझी डबी. सायकल काठापासून चार पावलांवर होती, त्यामुळे स्पष्ट ऐकू आलं. डेल्मरचा निरोप.

"डेल्मर!" मी ओरडले. म्हणजे बघा, डबीवर ओरडले. आवाज टाक्यातच गोल गोल फिरला आणि माझ्याच कानात शिरला.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करून ठेवलंय. 'मजेत आहे' असं मीच कळवलंय. उद्या ठिपका हलणार नाही हे मीच सांगितलंय. परवा हलला नाही तरी त्याने गप्प बसायचंय, कारण मी 'निघाले' म्हटलेलं नाही. आणि फाटकाच्या आत त्याला पाऊल टाकायची बंदी, तीही माझीच. गुराखी तिकडे शरद ऋतूशिवाय फिरकत नाहीत. दुसऱ्यासाठी खणलेला खड्डा तरी बरा, मी तर सगळं स्वतःसाठीच मापात खणलं होतं.

रात्रीबद्दल फार सांगत नाही. थंडीची रात्र होती. वाळवंटात माणसं तहानेने मरतात, मी गुडघाभर पाण्यात उभी राहून मरणार होते. बसले तर जास्त भिजायची, म्हणून उभीच. दात इतके वाजत होते, की जीभ चावली गेली. तोंडाने एकसारखी डेल्मरशी भांडत होते. "कर ना फोन! एरवी सांगितलं नसताना करतोस! मूर्खा, आज कर की!" मग रडू आलं. मग पुन्हा भांडण. भांडताना जरा ऊब येते.

उजाडलं आणि वरून पुन्हा 'टिंग.' थोड्या वेळाने आणखी एक. सकाळ चढेपर्यंत परत. मी कान टवकारले. इतके निरोप तो कधी पाठवत नाही. म्हणजे त्याला शंका आलीय! आली नसती तर तो डेल्मर कसला? मी उत्तर देत नाहीये, तो घाबरलाय, आता ऑर्विनकडे जाईल. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या रोगाचं इतकं कौतुक वाटलं, की काय सांगू.

मध्यान्हीला जरा वेळ ऊन टाक्यात उतरलं. मी त्यात उभी राहिले आणि ठरवलं, आता धडपड करायची नाही, अंगातली ताकद राखायची. सुटका पथकाला धडधाकट माणूस मिळालेला बरा. पुन्हा 'टिंग' झालं तेव्हा मी हसून वर पाहिलं. "आलास का रे?"

त्यानंतर निरोप थांबले. मी म्हटलं, म्हणजे निघालेच. ऊन भिंतीवर चढत चढत काठावरून गेलं. मी हेलिकॉप्टरची वाट बघत राहिले. एकदा वाटलं पंख्याचा आवाज येतोय. ती माशी होती.

कुणी येणार नव्हतं. हे मला तेव्हा कळलं. दुसरी रात्र मी उभी राहून काढू शकणार नव्हते, पाय आत्ताच ऐकत नव्हते. मी भिंतीला कपाळ टेकलं आणि म्हटलं, संपलीस लॅव्हॉन.

कपाळ टेकलं होतं तिथेच समोर ओरखडे होते. बारीक, चार चार समांतर. कोल्ह्याचे. पाण्याच्या रेषेजवळचे ओरखडे खोल होते, जवळजवळ बोट मावेल इतके. वर, कोरड्या खडकावर, नुसते पांढरे. मी किती तरी वेळ त्यांच्याकडे बघत होते. ओला खडक नरम पडतो. त्या बिचाऱ्याच्या नखांनी जे केलं ते पोलादाने केलं तर?

बूट काढला. हातात उलटा धरला. क्लीट पुढे करून भिंतीवर हाणली. लाल वाळूचा चमचाभर भुगा पाण्यात पडला.

डोक्यात हेल्मेट होतंच. ते काढून त्याने पाणी घ्यायचं, भिंतीवर ओतायचं, जरा मुरू द्यायचं आणि खरवडायचं. आमच्या बाजूच्या कड्यांमध्ये हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी कोरलेल्या खोबण्या आहेत, पायाचा चवडा मावेल एवढ्याच. शाळेच्या सहलीला पोरं त्यांच्यावर चढायची आणि मी ओरडायची, "उतर खाली!" आता मी स्वतः कोरत होते. एक पायासाठी, एक हातासाठी. पहिल्या दोन जमल्या. तिसरीसाठी पहिलीवर उभं राहून, एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने हेल्मेटमधलं पाणी आणि मग बूट. निम्मं पाणी माझ्याच तोंडावर. नखं तुटली. एका बुटाची क्लीट बोथट झाली, तेव्हा दुसरा घेतला. शिव्या इतक्या दिल्या, की बाप्तिस्मा पुन्हा करून घ्यावा लागेल.

काठाच्या पोटाशी पोचले आणि पाय सुटला. सगळीच्या सगळी परत पाण्यात. हनुवटी खडकावर आपटली. तोंडात रक्त आलं. त्या वेळी मी मोठ्याने म्हटलं, "डेल्मर, मला घरी यायचंय." टाक्याने ते मला परत ऐकवलं.

पुन्हा चढले. या वेळी बूट दातात धरून. पोटाशी आल्यावर हात उंच करून बूट काठापलीकडे टाकला आणि ओढला. घसरला. पुन्हा टाकला. क्लीट कुठल्याशा भेगेत अडकली, पेडलात बसते तशी खट्कन. मी त्या बुटाला लोंबकळले, गुडघा वर घेतला, पोटावर सरपटले, आणि गाल कोरड्या, कोमट खडकावर टेकला. तशीच पडून राहिले. सूर्य मावळायला टेकला होता.

मग रांगत सायकलपाशी गेले. डबी काढली. ओल्या, सोललेल्या बोटांना बटणं दाबता येईनात. निरोप उघडले.

पहिला, कालच्या संध्याकाळचा. 'छान. झोप निवांत. मांजर आत घेतलंय. थंडी आहे का?'

सकाळचा. 'ठिपका तिथेच आहे, असणारच म्हणा. मी नकाशा बंद केला बघ. झोप झाली का?'

'ऑर्विन भेटला. विचारत होता, बायको कुठे. म्हटलं टाक्यावर लोळतेय. म्हणाला, मग तू फोन कसा नाही केलास? मी म्हटलं, सुधारलो. बरोबर बोललो ना?'

'चीज-बटाटे केले होते, जरा करपले. तू काय खाल्लंस?'

आणि शेवटचा. 'लॅव्हॉन, आज मी दिवसभर काळजी केली नाही. पहिल्यांदाच. तुला सांगावंसं वाटलं. आता त्रास देत नाही, मासे धरायला जातो. तू बरी आहेस ना?'

मी डबी हातात घेऊन बसून राहिले. ज्या दिवशी त्याने काळजी करायला हवी होती, नेमका त्याच दिवशी हा सुधारला. आणि त्याला सुधारलं कुणी? मीच. मासे धरतोय! मला हसू आलं आणि फाटलेला ओठ दुखला. अंगठा सवयीने पहिल्या निरोपावर गेला, 'मजेत आहे.' दाबला असता तर त्याला त्याचा एक सुखाचा दिवस राहिला असता. मी अंगठा उचलला.

एकेक अक्षर जोडत लिहिलं, 'डेल्मर, टाक्यावर ये. चपला आण. काळजी करत ये.'

पाठवलं. घरून निघायचा, फाटक गाठायचा, मग पुढे आत. तोवर अंधार होईल. मी झोपायची पिशवी ओढून काढली आणि अंगाभोवती गुंडाळत होते, इतक्यात 'टिंग' झालं.

'चपला गाडीतच आहेत. मी फाटकापाशी आहे. इथल्या टेकाडावर फोन लागतो. दर वेळी इथेच असतो, घरी झोप लागत नाही. रागावू नकोस. आलो.'

मी ते वाचलं. मग वरचे सगळे निरोप पुन्हा वाचले. मांजर नाही, ऑर्विन नाही, बटाटे नाहीत, मासेही नाहीत, सगळं फाटकापाशी बसून रचलेलं. प्रत्येकाच्या शेवटी एक प्रश्न होता आणि एकाचंही उत्तर मी दिलं नव्हतं. मी खाली टाक्यात, तो तिकडे फाटकाला टेकून, आणि दोघांच्या मध्ये माझा शब्द.

दिवे दिसले तेव्हा अजून थोडा उजेड होता. त्या वाटेवर इतक्या जोरात गाडी हाकलेली मी कधी पाहिली नाही, मी गाडीत असते तर ओरडले असते. तो उतरला. त्याने माझे हात पाहिले, हनुवटी पाहिली, टाक्याच्या काठावरची ओली लाल रेघ पाहिली. दोन्ही हातांत चपला छातीशी धरून उभा राहिला.

"फाटकाच्या आत आलो गं," तो म्हणाला. "घरी येणार ना?"

"आधी चपला दे," मी म्हटलं. पण हात काही चपलांकडे गेले नाहीत, त्याच्याकडेच गेले.